नवं कापड फाडून वाकळ होत नाही



आजचा लेख थोडा कडू आहे. राग आला तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा, एवढीच विनंती.

चातुर्मास लागला की आपल्या महिला मंडळांचे दुपारचे कार्यक्रम सुरू होतात. पाठांतर, प्रश्नमंजूषा, रांगोळी, पूजेची थाळी सजवणं. गेल्या काही वर्षांत त्यात 'क्विल्टिंग'ची भर पडली आहे. यंदा एका मंडळाची जाहिरात मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. वर लिहिलं होतं, 'अहिंसक छंद! आजीची गोधडी आता घरच्या घरी.' शुल्क १,८०० रुपये, सर्व साहित्यासह. मी साहित्याची यादी नीट वाचली. नव्या छापील सुती कापडाचे कापून ठेवलेले चौकोन. अस्तरासाठी नवं कापड. मध्ये घालायला पॉलिएस्टरची जाड भर. कडेनं लावायला रेशमी पट्टी.

चार जिनसा, चारही दुकानातून नव्या आणलेल्या. यात आजी कुठे आहे?

मला शिवणकामाचं वावडं नाही. माझं पायानं चालवायचं मशीन अजून रोज चालतं, आणि दुपारी सुई हातात घेतली नाही तर मला दिवस सरल्यासारखा वाटत नाही. म्हणूनच बोलायचा हक्क आहे असं समजते. रजई करायची असेल तर खुशाल रजई म्हणा. पण नवं कापड फाडून जोडलेल्या वस्तूला गोधडी म्हणायचं, वर तिला 'अहिंसक' म्हणायचं आणि ते सगळं जिनमंदिराच्या सभागृहात बसून करायचं, हे मला पटत नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडचे पाहुणे कवदी म्हणतात. माझ्या आजीच्या घरात वाकळ 'करायची' असं कुणी ठरवत नसे. ती होत असे. लुगडं आधी नेसून नेसून मधोमध विरायचं. मग आजी ते विरलेलं काढून टाकायची, दोन्ही बाजूंचे धड भाग एकमेकांना जोडायची आणि पुन्हा नेसायची. त्याला लुगड्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन-तीन वर्षं चालायचं. त्यानंतर त्यातलं मऊ कापड बाळंतिणीकडे जायचं, दुपट्याला आणि लंगोटांना, कारण शंभर धुण्यांनी खळ गेलेलं सुती कापड तान्ह्याच्या कातडीला टोचत नाही. राहिलेल्याची चुंबळ, राहिलेल्याचं फडकं. आणि जे अजून पसरता येईल इतकं मोठं आहे ते वाकळीत. वाकळीतही वरून-खालून धड कापड, आणि अगदी जाळी झालेलं मधल्या थरात, जिथे ते कुणाला दिसत नाही पण ऊब देतं. ती वाकळही झिजली की नव्या वाकळीच्या पोटात जायची. आजीच्या पांघरुणात तिच्या सासूचं लुगडं होतं, हे मी स्वतः उसवून पाहिलं आहे.

म्हणजे वाकळ हे कापडाचं म्हातारपण आहे. ज्याला तरुणपणच मिळालं नाही त्या कापडाची वाकळ कशी होईल?

हा नुसता शब्दांचा वाद नाही. आपल्यासाठी तर मुळीच नाही. पाठशाळेत आपण सगळ्या दहा बाह्य परिग्रह पाठ करून मोठ्या झालो. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य, भांड. पटापट म्हणून टाकतो. यातलं 'कुप्य' म्हणजे काय, हे मी परवा पाच जणींना विचारलं. दोघी म्हणाल्या, भांडी. एक म्हणाली, काहीतरी धातू असेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत, तिथे हा शब्द येतो, आणि सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा अर्थ उघड दिला आहे: क्षौम, कापूस, रेशीम ही वस्त्रं, आणि चंदनासारख्या वस्तू. जमीन आणि सोन्याच्या ओळीत आचार्यांनी आपलं कपाट बसवलं आहे. आपण शेतजमिनीची मर्यादा घेतो, सोन्याची घेतो, आणि कुप्याचा अर्थच विसरून जातो. सोयीचं विस्मरण आहे हे.

त्याचा परिणाम बघायचा असेल तर दशलक्षण पर्वात बस्तीत येऊन बसा. दहा दिवस, दहा रंग, दहा साड्या. रंगांचं वेळापत्रक ग्रुपवर आधीच येतं. नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. 'माझं म्हणून काहीही नाही' असं म्हणायचा दिवस. त्या दिवसाची साडी खास त्या दिवसासाठी घेतलेली असते. मी कुणाचं नाव घेत नाही. पण प्रवचनाला बसलेल्या महाराजांकडे पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढंच असतं, आणि समोर आम्ही बसतो. आर्यिका माताजी एका पांढऱ्या साडीत असतात. क्षुल्लकांच्या अंगावर लंगोट आणि पुरतं अंगही न झाकणारं खंडवस्त्र. त्यांना आपण वाकून इच्छाकार करतो आणि घरी येऊन म्हणतो, 'फाटकं घरात ठेवू नये, दारिद्र्य येतं.'

हे 'दारिद्र्य येतं' कुठून आलं, कुणास ठाऊक. आपल्या कोणत्याही श्रावकाचारात मी ते वाचलेलं नाही. फाटकं ठेवू नये म्हणून फेकायचं, फेकलं म्हणून नवं आणायचं, आणि नवं आणून हौसेनं फाडायचं. या फेऱ्याला वैभव म्हणायचं का?

आता कपाटाचंच बघा. साड्यांचा ढीग वापराविना पडला की त्याला कसर लागते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या. डांबरगोळ्या कशासाठी असतात? जीव मारण्यासाठी, नाहीतर हुसकण्यासाठी. अंधार पडायच्या आत जेवणारी, कंदमूळ न शिवणारी बाई आपल्याच कपाटात वर्षानुवर्षं विष ठेवते, कारण तिला न लागणारं कापड सोडवत नाही. परिग्रहातून हिंसा कशी निघते, यावर लांबलचक व्याख्यानं ऐकण्यापेक्षा कपाटाचं दार उघडून वास घ्यावा. नेसलेल्या, धुतलेल्या, उन्हात पडलेल्या कापडाला कसर लागायला वेळच मिळत नाही.

आणि पाण्याचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि यावर कुणी बोलत नाही. आपण पाणी गाळून पितो. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुहेरी केलेलं घट्ट कापड. गाळून झालं की गाळणं उलटं धरून जिवाणी जिथलं पाणी तिथे परत सोडायची. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की पुन्हा गाळायचं. एक तांब्या जास्तीचा सांडला तर सासूबाई हटकायच्या, कारण पाण्यातले जीव वेगळे, आणि पाणी हीच ज्यांची काया ते जलकायिक जीव वेगळे. असल्या घरातल्या बाईनं एक आकडा ऐकावा. एक किलो सुती कापड तयार व्हायला, शेतात पडलेला पाऊस धरून, जगाच्या सरासरीनं साधारण १०,००० लिटर पाणी लागतं. भारतात त्याच्या दुपटीहून जास्त. डबल बेडच्या रजईला वरचं आणि खालचं मिळून किलोभराच्या वरच कापड जातं. कपाशीवरच्या फवारण्यांचा हिशेब तर यात धरलेलाच नाही.

अंगावर घालायला कापड लागतं, थंडीला पांघरूण लागतं. गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही, हे शास्त्रानंच मान्य केलं आहे. गाळण्याला तर विरलेलं कापड चालतच नाही, तिथे नवं आणि जाडच हवं. तिथे मी कुणाला जुनं वापरा म्हणणार नाही. पण ज्या घरात सहा पांघरुणं घडी घालून ठेवलेली आहेत, तिथे सातवं पांघरूण नव्या कापडाचे तुकडे करून, दुपार घालवायची म्हणून शिवायचं, याला कोणती गरज म्हणायची? विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण झाडाचं पान तोडणं याला आपल्याकडे नाव आहे. प्रमादचर्या. अनर्थदंडाचा तो एक प्रकार. आजी लुगड्याला दंड घालून अनर्थदंड चुकवत होती, असं मी गमतीनं म्हणते. पण गंमत तेवढीच आहे, बाकी खरं आहे.

पॉलिएस्टरची भर म्हणजे दुसरं टोक. त्याला कपाशीचं पाणी लागत नाही, म्हणून काही जणी तेच बरं म्हणतात. ती रजई धुतली की काय होतं? २०१६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वॉशिंग मशीनमधून निघणारं पाणी गाळून तंतू मोजले. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त बारीक तंतू सुटू शकतात असं त्यांना आढळलं, आणि पॉलिएस्टरचा आकडाही काही लाखांत होता. ते कुजत नाहीत. गटारातून ओढ्यात, ओढ्यातून पंचगंगेत, पंचगंगेतून कृष्णेत. तिथले जीव ते गिळतात. आपण वरच्या टोकाला पाणी गाळून जिवाणी प्रेमानं परत सोडतो आणि खालच्या टोकाला मोरीतून प्लास्टिक सोडतो. इचलकरंजीत शंभर वर्षांहून जास्त काळ यंत्रमाग खडखडत आहेत, आपल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली आहे, सूत कशाला म्हणतात हे आपल्याला शिकवावं लागू नये.

रेशमाबद्दल मी आधीही लिहिलं आहे आणि तेव्हा काही जणींनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. तरीही लिहिते. रेशमाचा धागा म्हणजे अळीनं स्वतःभोवती विणलेला कोष. आतला पतंग कोष फोडून बाहेर आला की धागा तुटतो. तो अखंड निघावा, एकेका कोषातून कित्येकशे मीटर सलग मिळावा, म्हणून पतंग व्हायच्या आत त्या जिवाला वाफेनं, नाहीतर उकळत्या पाण्यात मारतात. एका साडीमागे हजारो कोष. ते त्रस जीव आहेत, आणि ही आरंभी हिंसा म्हणता येत नाही, कारण सुती साडी शेजारच्याच दुकानात मिळते. 'अहिंसा रेशीम' म्हणून जे विकतात त्यात पतंग बाहेर पडू देतात आणि फुटक्या कोषाचं सूत कातून घेतात. चांगलं आहे. पण समोरचं कापड खरंच तसलं आहे का, हे दुकानदाराच्या तोंडावरच सोडावं लागतं.

आईच्या जुन्या पैठणीच्या उशा आणि रजया करायची टूम निघाली आहे. 'किडे तर कधीच मेले, आता वाया कशाला घालवायचं?' हा प्रश्न मला मान्य आहे. वाया घालवू नकाच. आईची आहे, नेसा. झिजेपर्यंत नेसा. ती जागा भरायला दुसरी रेशमी घेऊ नका. पण धडधाकट साडी कापून तिच्या उशा करायच्या, आणि कपाटात जागा झाली म्हणून नवं रेशीम आणायचं, हे आईच्या आठवणीच्या नावावर खपवू नका.

आता मला नेहमी जी उत्तरं मिळतात ती.

एक ताई म्हणाल्या, 'अहो, ही कला आहे. प्रत्येक टाक्यात पाप-पुण्य शोधत बसलं तर जगायचं कसं?' ताई, कला मी कुठे नाकारली? आमच्या आजीच्या वाकळीवर चारी कडांनी सुरू होऊन आत आत जाणारा धावदोरा होता, इतका सारखा की मोजपट्टी लावावी. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवदी करतात. एका कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाचं फूल लावतात. ते नसेल तर कवदी उघडी दिसते म्हणतात. आता तर या कवद्या कलाप्रदर्शनांत मांडल्या जातात. आणि ज्या अमेरिकेकडून आपण हे 'क्विल्टिंग' शिकायला निघालो, तिथेही अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या कामाच्या झिजलेल्या विजारी आणि शर्ट जोडून पांघरुणं केली. २००२ साली ती ह्यूस्टनच्या कला-संग्रहालयाच्या भिंतीवर लागली आणि मोठमोठे समीक्षक तोंडात बोट घालून उभे राहिले. त्यांनी चौकोन विकत आणले नव्हते. हातात जे आलं त्यातून रंग जुळवणं, हीच अवघड गोष्ट आहे. कापून आलेले, रंग जुळवून आलेले चौकोन ओळीनं जोडायला कसली कला लागते ते मला कळत नाही.

दुसरीचं म्हणणं खरं आहे आणि ते मी टाळणार नाही. 'सुती जुनं कापड आहेच कुठे? आमच्या पिढीच्या साड्या सगळ्या सिंथेटिक.' हो, आहेत. पण घरात फक्त साड्याच असतात का? जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, परकर, पंचे, सासऱ्यांची धोतरं, नवऱ्याचे कॉलर विरलेले शर्ट, मुलींच्या सुती ओढण्या. एका कुटुंबाचं वर्षाचं एवढं कापड काढलं तर एक वाकळ सहज होते. सिंथेटिक साड्या वाकळीत घालू नका. घामाला त्या चिकटतात आणि धुण्यात तंतू सोडतात. त्यांची बाजाराची पिशवी करा, गाद्यांच्या गुंडाळ्या बांधायला घ्या, ज्या वस्तू क्वचित धुवायच्या तिथे वापरा. आणि पुढची साडी घेताना एवढं लक्षात ठेवा की हिची कधीतरी वाकळ व्हायची आहे.

तिसरं उत्तर: 'आम्ही जुनं वापरत नाही, पण गरिबांना दरवर्षी ब्लँकेटं वाटतो.' वाटा. थंडीत कुडकुडणाऱ्याला काहीही द्या, मी आड येणार नाही. फक्त पातळ सिंथेटिक ब्लँकेट देताना फोटोत सहा जणींनी एकच ब्लँकेट धरू नये, एवढं तरी करा.

आणि रुखवत! त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल. मण्यांचे सप्तपदीचे देखावे, सॅटिनची छोटी रजई, बाहुल्यांचा संसार. लग्नात तासभर टेबलावर, नंतर जन्मभर माळ्यावर. त्याऐवजी आईच्या आणि दोन्ही आज्यांच्या कापडाची एक वापरण्याजोगी वाकळ मुलीबरोबर जाऊ दे. सासरच्यांनी नाक मुरडलं तर मुरडू दे. पहिल्या पावसाळ्यात त्याच पांघरूण मागायला येतील.

शिवायला वेळ नाही ही अडचण मला समजते. बऱ्याच जणींचे हात दुखतात, डोळे थकतात. मग गोधडी शिवणाऱ्या मावशींना द्या. पण इथेही मला काही सांगायचं आहे. आमच्या गल्लीत एक मावशी येतात. उन्हात फरशीवर बसून, दाभण आणि जाड दोरा घेऊन, तीन-चार दिवसांत एक गोधडी पुरी करतात. त्यांनी ७०० रुपये सांगितले की आपल्यातल्या बायका ४०० वर आणतात. कार्यशाळेला १,८०० भरताना कुणी घासाघीस केल्याचं मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या श्रमाचं पुरतं मोल न देणं अचौर्याच्या कुठल्या बाजूला पडतं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा. मंडळांना माझी सूचना अशी आहे की शिकवायला याच मावशींना बोलवा, खुर्चीवर बसवा, मानधन द्या, आणि प्रत्येकीनं आपापल्या घरचं जुनं कापड घेऊन यावं. साहित्य शून्य रुपये. मग त्याला 'आजीची गोधडी' म्हणा, मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

ज्यांना घरीच करायची आहे त्यांच्यासाठी माझा हिशेब देते. पाचवारी सुती साडी साडेपाच मीटर असते. तिचे आडवे तीन सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सुमारे सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होतो. एका माणसाच्या पांघरुणाचं हेच माप. म्हणजे दोन साड्यांत सहा थर झाले, वाकळ झाली. सहापेक्षा जास्त थर घालू नका. जाड वाकळ आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळत नाही, ओली राहिली की बुरशी आणि जीवजंतू, आणि मग पुन्हा हिंसा. एका दिवसाच्या उन्हात वाळेल इतकीच जाड हवी. कापड आधी धुऊन, उन्हात घालून, झटकून घ्या, आणि काम दिवसाउजेडीच करा म्हणजे घडीत एखादा जीव असेल तर दिसतो. थर जमिनीवर पसरून चारी बाजूंनी ओढून सारखे करा, आधी लांब लांब टाके घालून टाचून घ्या, नाहीतर मधला थर गोळा होतो. मग कडेपासून आत, दोन-दोन बोटांच्या अंतरानं धावदोरा. दोरा सुतीच.  ओळी थोड्या वाकड्या गेल्या तर उसवू नका.

आणि सुरुवातीलाच एवढं मोठं काम नको वाटत असेल तर शास्त्राची वेष्टनं शिवा. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण बस्तीतली शास्त्रं बाहेर काढतो, ऊन-वारा देतो, वेष्टनं बदलतो. कितीतरी ठिकाणी ती वेष्टनं रेशमी असतात, कुणीतरी श्रद्धेनं दिलेली. अहिंसा शिकवणारी जिनवाणी उकळलेल्या कोषांच्या धाग्यात गुंडाळायची, हे मला दरवर्षी बघवत नाही. आमच्या बस्तीत हे बदलायचं ठरवलं आहे. विरोध झाला, अजून चालू आहे, पण अकरा वेष्टनं सुती झाली. धोतराचं कापड यासाठी उत्तम, घट्ट असून मऊ. ग्रंथ कर्णावर ठेवला की चारी कोपरे वर येऊन एकमेकांवर बसतील एवढा चौकोन घ्या, मोठ्या ग्रंथाला साधारण पाऊण मीटरचा. एकेरी कापड पुरत नाही, दुहेरी करून चारी बाजूंनी टीप मारा. एका कोपऱ्याला त्याच कापडाची नाडी लावा, दोन वेढे बसतील एवढी लांब, आणि ती मशीनवर न लावता हातानं पक्की शिवा, कारण सगळा ताण तिथेच येतो.